धाकट्याची मुलाखत

ताईने अपंगत्व अभ्यासाच्या ऑनलाइन पदवीला नाव घातलं तेव्हा मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, घरात अख्खं विद्यापीठ पलंगावर पडलंय, आणखी कसली पदवी घेतेस?" मावशीचं तोंड असंच फटकळ. पण ताईचा हिशेब सरळ होता: पदवी मिळाली की पुनर्वसन केंद्रात नोकरी, आणि नोकरी मिळाली की दिवसातले काही तास तरी या दोन खोल्यांतून सुटका. आई गेल्यापासून ती धाकट्या भावाबरोबर इथे अडकून पडली होती.

धाकटा आपला म्हणायला धाकटा. दाढीत पांढरे केस आले होते. जन्मापासून हातपाय त्याचं ऐकत नसत, आणि जीभ तर मुळीच नाही. त्याचं बोलणं एकट्या ताईला कळायचं, आणि तिला ते जरा जास्तच कळायचं. तो "मला ब..." म्हणाला, की ही बातम्या लावून मोकळी. पुढचं वाक्य बिचाऱ्याच्या घशातच राहायचं. त्याला बटाट्याची भाजी हवी असेल, बाहेर जायचं असेल, विचारतंय कोण?

अभ्यास त्याच्या पलंगाशेजारच्या टेबलावर चाले. हेडफोन लावले तर त्याची हाक ऐकू येणार नाही, म्हणून व्याख्यानं मोठ्या आवाजात. स्वायत्ततेवरचा सगळा धडा तिने त्याला भरवता भरवता उरकला. परीक्षा तेवढी तिच्या नावावर; ऐकलं दोघांनीही.

शेवटचं प्रात्यक्षिक होतं ते एका अपंग व्यक्तीच्या मुलाखतीचं, कॅमेऱ्यावर, परीक्षकांच्या देखत. हे हुकलं तर आणखी एक वर्ष याच भिंती. ताईला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. तिने धाकट्याची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पाठीला उशी लावली.

"त्यांना विचारा," पडद्यावरच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "पुढे कसं जगायला आवडेल?"

धाकट्याने मोठ्या कष्टाने मान सावरली. "मला... इथे... नाही राहायचं. त्या... व्याख्यानातल्या... घरात..."

स्वायत्ततेच्या धड्यातलं ते घर ताईलाही आठवत होतं. त्याच्यासारखेच चौघे जण मदतनीस ठेवून आपलं आपण राहत होते.

"तो म्हणतोय, इथेच बरं आहे. ताई सगळं बघते," ती बोलून गेली. बाहेर पडायचं होतं तिला, नाही कशाला म्हणा; पण तो घरात आपली वाट बघत असणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"छान! आता या मुलाखतीला त्यांची संमती विचारा. संमती नसेल तर मला गुण देता येणार नाहीत."

धाकट्याने मान हलवली. या बाजूला, त्या बाजूला, अगदी घाम फुटेस्तोवर.

"मान तर त्यांची मघापासून सारखी हलतेय," बाई गोंधळल्या. "तुम्हीच सांगा. हो म्हणताहेत ना?"

नुसतं हो म्हटलं की पदवी पदरात. ताईने भावाकडे पाहिलं. तो रागावलाही नव्हता. ही आता काय सांगणार, ते तो गृहीत धरून बसला होता, आणि तेच तिला सोसवेना.

"नाही म्हणतोय," ती म्हणाली. "आणि मघाशी मी माझ्या मनाचं सांगितलं. त्याला पुन्हा विचारते."

या खेपेला ती मध्ये बोलली नाही. त्याची लाळ पुसायलाही तिने हात पुढे केला नाही. वाक्य संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसली.

"तो म्हणतोय, मला त्या घरात राहायला जायचंय. मला ताईचा कंटाळा आलाय."

बाईंनी हळूच विचारलं, "आणि संमती?"

ताईने विचारलं. धाकटा तोंडभर हसला आणि "हो" म्हणाला, इतकं स्पष्ट की ते बाईंनाही कळलं.

ताईची पदवी झाली. ती मात्र खुर्चीवरून उठली नाही. आई गेल्यापासून त्याला इतकं खूश तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तो खूश होता तिच्यापासून सुटणार म्हणून.