नाकाहाराबाईंचं ताट

निरगुडसरच्या अक्षदाला जपानी भाषा शिकायला चार वर्षं लागली, आणि त्या सगळ्यावर पाणी पडायला एक दुपार पुरली.

पुण्यात भारत-जपान मैत्रीचं काम करणारी एक छोटी संस्था होती. दर हिवाळ्यात ती जपानी विद्यार्थ्यांना जुन्नर-आंबेगावच्या घरांत आठवडाभर राहायला आणायची. त्यांचं सगळं बघायला संस्थेला सहा महिन्यांसाठी एक शिकाऊ मुलगी हवी होती. काम जमलं तर पुढं कायमची नोकरी. जागा एक, आणि चाळणीतून उरलेल्या मुली दोन: अक्षदा आणि येडगावची श्रेया. शेवटची मुलाखत मुलीच्या घरी. ती घ्यायला येणार संस्थेच्या जपानी नाकाहाराबाई; वय साठ, वजन चिमणीएवढं आणि शिस्त रुळासारखी सरळ. साडेबाराला जेवण, दीडला मुलाखत, अडीचला येडगावकडं रवाना.

अक्षदाची आई सोनीबाई हिच्या मासवड्यांचं काय सांगावं! एकदा रश्श्याचा वास वाऱ्यावर गेला, तर मंचरला निघालेली एसटी आपसूक गावात वळली. ड्रायव्हर आजही शपथेवर सांगतो. त्या दिवशी तर तिनं पिठलं घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापलं, तीळ-खोबऱ्या-लसणाचं सारण ठासलं आणि दोन पातेली रस्सा केला.

नाकाहाराबाईंनी हात जोडले, मांडी घातली आणि ताट चाटूनपुसून लख्ख केलं. त्यांच्याकडं ताटात टाकणं म्हणजे रांधणारीचा अपमान. इकडं सोनीबाईचा जीव खाली-वर. पावण्याचं ताट रिकामं दिसलं की घरच्या बाईची अब्रू गेली. तिनं तीन वड्या वाढल्या. बाईंनी संपवल्या. तिनं चार वाढल्या.

अक्षदाच्या ध्यानात आलं तेव्हा अकरावी वडी चालली होती.

"आई, बास. नको असंल त्यांना."

"नको असंल तर ठिवतील की ताटात! बघ, दोन दिसांच्या उपाशी असल्यागत खात्यात."

"त्या ताटात टाकत न्हाईत गं. तू वाढायची थांबलीस, की त्या थांबतील."

"व्वा! पावण्याच्या म्होरं पातेलं झाकू व्हय? घरचीच पोर आडवी येती, काय म्हणतील त्या?"

अक्षदा बाईंकडं वळली. जपानीत म्हणाली, "थोडं ताटात राहू द्या. खरंच चालतं."

बाईंच्या कपाळावर रश्श्याचा घाम डवरला होता. तरी त्या हसल्या. "मला सवलत देऊ नकोस. मी वाचून आले आहे. आईनं वाढलेलं नाकारलं, तर तुमच्याकडं तिचं मन दुखतं."

"काय म्हणत्यात?" दारातून अक्षदाचे वडील हौशीराम यांनी विचारलं.

"चव लागली म्हणत्यात," सोनीबाईनं परस्पर सांगून टाकलं आणि पळी बुडवली.

अक्षदानं पातेलं उचलून आत नेलं. सोनीबाईनं हाक मारली, तसं शेजारच्या साधनाकाकूंकडं ठेवलेलं दुसरं पातेलं भिंतीवरून आलं.

एकेचाळिसाव्या वडीला बाई बसल्या जागी कलंडल्या. ताट मात्र रिकामं होतं.

दीड वाजला. दोन वाजले. बाई बाजेवर डोळे मिटून पडलेल्या. अक्षदा पायथ्याशी बसून पाठ केलेली उत्तरं ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. अडीचला गाडीवाल्या गोकुळनं हॉर्न दिला. बाई घड्याळ बघून उठल्या आणि पोटानं जेवढं वाकू दिलं तेवढं वाकल्या.

"मुलाखत?" अक्षदानं विचारलं.

"वेळ संपली. मला माफ कर. दुसऱ्या मुलीला ताटकळत ठेवणं बरोबर नाही."

सोनीबाईनं वाटंसाठी डबा पुढं केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांचे डोळे भरून आले. सोनीबाईला वाटलं, मायेनं.

येडगावात श्रेयाच्या घरचा गॅस संपला होता. बाईंना पेलाभर ताक मिळालं, आणि मुलाखत तासभर रंगली.

आठ दिवसांनी पत्र आलं. अक्षदानं ते आईला मराठीत वाचून दाखवलं: जागा श्रेयाला दिली आहे, तुमची मुलाखत होऊ शकली नाही याचा खेद वाटतो, आणि तुमच्या आईंचं आदरातिथ्य आम्ही जन्मात विसरणार नाही.

सोनीबाई म्हणाली, "माझ्या हाताला चव नव्हती का गं?"

"लई होती, आई."

"मग काय कमी पडलं?"

अक्षदा खरं सांगणारच होती. आईच्या मनगटावर त्या दिवशीच्या वाफेचा चट्टा अजून लाल होता.

"काय न्हाई."

"मासवडीच हलकी पडली," सोनीबाई म्हणाली. "फुडल्या साली परत अर्ज कर. बाईंस्नी पुरणपोळ्या घालू, तुपात बुडवून."

"बरं," अक्षदा म्हणाली.