पाचवा कप्पा

मित्रांनो, तुम्हाला मला हात लावून पाहता येणार नाही. माझ्यावर धूळ बसत नाही, मी गंजतही नाही; तरी मी जुना आहे. बुटांच्या एका लहानशा कारखान्यात, खिडकीखालच्या टेबलावर, संगणकाच्या पोटात मी राहतो. आलेली ईमेल दाखवणारा आणि लिहिलेली पोचवणारा मी एक प्रोग्राम आहे. ज्यांनी मला घडवले त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. त्यांनी मला ओळीओळीने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, चुका तांदळातल्या खड्यांसारख्या वेचल्या आणि एके दिवशी जगात सोडून दिले. त्यानंतर त्यांची-माझी गाठ नाही.

माझे काम सोपे आहे. पत्रांची खरी पेटी माझ्याकडे नसते. ती कुठेतरी दूर, हजारो पेट्या सांभाळणाऱ्या एका मोठ्या संगणकात असते. ब्राउझर उघडून किंवा फोनवरून ती कोणालाही कुठूनही पाहता येते, फक्त पासवर्ड हवा. मी तिची घरातली नक्कल. दर दहा मिनिटांनी मी तिथे जातो, नवे काही आले का पाहतो आणि तिथले इथे, इथले तिथे सारखे करून ठेवतो. तिथे पुसले तर इथे पुसतो. तिथे कोणी पत्र उघडले तर इथेही ते वाचलेले दाखवतो. माणसे याला सिंक म्हणतात. मी नेम म्हणतो. काम संपले की खालच्या पट्टीवर एक ओळ लिहितो: 'सर्व फोल्डर अद्ययावत आहेत.' या ओळीवर कारखान्याचा फार विश्वास होता.

या कारखान्यात साधे बूट होत नाहीत. ज्या मुलांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी इथे एका तळाला बुचाचा थर लावून बूट करतात. मापे इस्पितळातल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई ईमेलने पाठवतात. मालकीण, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्या ते पत्र छापून साचेकाकांच्या हातात देतात. साचेकाका म्हणजे तिथले जुने कारागीर. पायांचे लाकडी साचे त्यांच्या ताब्यात असतात आणि प्रत्येक साचा कोणत्या मुलाचा ते त्यांना अंधारात हात लावूनही सांगता येते, असे ते स्वतःच सांगतात.

आरंभीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. पत्र आले की मी एक छोटा आवाज करीत असे आणि बाई हातातले काम टाकून येत. पाहुण्यांना त्या मला दाखवीत. पुढे फोन आले. बाईंच्या धाकट्या जावेने तीच पेटी आपल्या फोनवर घेतली. माझा आवाज कोणीतरी बंद केला. मी तक्रार केली नाही. नेम करणाऱ्याने कोणी ऐकते की नाही ते पाहू नये.

धाकटी जाऊ कामाला चपळ आणि मनाने फार सांभाळून वागणारी. एकदा तिने फोनवर एक पत्र सहज उघडले. उघडले म्हणून ते माझ्याकडेही वाचलेले दिसू लागले, ठळक अक्षरे साधी झाली, आणि बाईंच्या नजरेतून ते निसटले. तो बूट एक दिवस उशिरा गेला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर दोन ओळींचे कोरडे पत्र पाठवले. बाई जावेला एक शब्द बोलल्या नाहीत. पण न बोलणे हेही पुष्कळदा ऐकू येते. त्या दिवसापासून धाकटीने ठरवले की ताईंनी पाहण्याआधी आपण एकही पत्र उघडायचे नाही. नुसते वरून पाहायचे आणि सोडून द्यायचे.

एवढ्यावर ती थांबती तर ही गोष्ट घडली नसती. आईला बरे नाही म्हणून ती माहेरी निघाली, तेव्हा वाटेत तिला वाटले, इस्पितळाची पत्रे बाकीच्या पसाऱ्यात पुन्हा हरवू नयेत. तिने फोनवरून दूरच्या पेटीत एक नवा कप्पा केला, त्याला 'दवाखाना' नाव दिले आणि नियम घातला की डॉक्टरीणबाईंचे प्रत्येक पत्र आल्याबरोबर त्यात जावे. ताईंना सोपे जाईल, म्हणून केले.

मित्रांनो, मला चार कप्पे, म्हणजे फोल्डर, सांगितलेले होते. आलेली, पाठवलेली, अर्धवट आणि टाकून दिलेली. माझी मांडणी झाली तेव्हा या चारांसमोर खुणा केलेल्या होत्या आणि नवे कप्पे आपले आपण पाहायचे नाहीत असेही ठरले होते. पाचवा कप्पा झाला, भरू लागला, आणि मी दर दहा मिनिटांनी त्याच्या दारावरून जाऊन परत येत राहिलो. खाली लिहीत राहिलो, सर्व फोल्डर अद्ययावत आहेत. त्यात खोटे काही नव्हते. माझे सर्व म्हणजे चार होते.

त्या सुमारास एका आठ वर्षांच्या मुलीचा बूट कामाला घेतला होता. तिच्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती. आधीच्या पत्रात तळाची उंची बत्तीस मिलिमीटर दिलेली होती. बाई काळजी घेणाऱ्या. त्यांनी विचारून घेतले की जुन्याच मापाने सुरुवात करतो आहोत, काही बदल असल्यास कळवावे. ते पत्र मी त्याच मिनिटाला पोचवले. उत्तर आले नाही, म्हणजे चारांपैकी कोणत्याही कप्प्यात आले नाही. दोन दिवस गेले, चार गेले. साचेकाका म्हणाले, एक फोन टाका की. बाई म्हणाल्या, मागच्या उशिरावरून डॉक्टरीणबाईंचा राग गेलेला दिसत नाही. बदल असता तर कळवला असता, आपण होऊन किती वेळा विचारायचे. काकांनी बूच कापायला घेतले.

मंगळवारी दुपारी मुलीची आजी आली. हातात पिशवी, चढून आल्याने धाप लागलेली. डॉक्टरीणबाईंनी जाता जाता डोकावून यायला सांगितले होते, पत्राचे उत्तर आले नाही म्हणून. गुरुवारी नातीला घरी सोडणार होते. त्या दिवशी ती प्लॅस्टरनंतर पहिल्यांदा नव्या बुटात उभी राहणार होती. बाकावर टेकून त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एवढा उंच कसा? नवं माप कमी आहे. पत्रात लिहिलंय ना तुम्हाला."

बाई म्हणाल्या की नवे पत्र आलेले नाही. आजी म्हणाल्या, "माझ्यासमोर बसून लिहिलं त्यांनी. मी वाचलंसुद्धा."

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि माझ्या ओळीवर बोट ठेवले. आजींनी चष्मा लावून ती ओळ सावकाश वाचली.

"हा म्हणतो आलं नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात पाठवलं. माणसाला खोटं पाडायच्या आधी याला तरी विचारा, हा गेला होता कुठे."

आजवर मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. साचेकाकांनी संगणक बंद करून चालू करायला लावला. मी उठलो, चार कप्पे पाहून आलो, तीच ओळ लिहिली. बाईंनी इंटरनेटची तार काढून पुन्हा घातली. मी पुन्हा जाऊन आलो. पासवर्ड पुन्हा दिला. तो बरोबरच होता. काका म्हणाले, "हे म्हणजे पाय दुखतोय आणि आपण टोपी बदलतोय." शेवटी बाईंनी ठरवले की खाते माझ्यातून काढून टाकायचे आणि नव्याने घालायचे. नेमक्या तेव्हा, काकांच्या बोलावण्यावरून, पलीकडच्या गल्लीतून संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. त्या कुठलीही गोष्ट घाईने करीत नाहीत म्हणून त्यांना सगळे हळूबाई म्हणतात, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे.

हळूबाईंनी बाईंचा हात माउसवरून हळूच बाजूला केला. "घरात एखादी वस्तू सापडेना झाली तर आधी कपाट फेकून देता का?" आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्यांनी माझ्यात काहीच बदलले नाही. ब्राउझर उघडला आणि म्हणाल्या, आधी खऱ्या पेटीत पाहू. पत्र तिथेही नसेल तर पाठवणाऱ्याकडे शोधायचे. तिथे असेल आणि इथे नसेल, तर दोष या दोघांमधल्या वाटेत. पासवर्ड बाईंना पाठ नव्हता. त्यांनी तो कागदावर बघून दिला, पण ब्राउझरने ओळख पटवायला आणखी एक आकडा मागितला, जो धाकट्या जावेच्या फोनवर गेला. म्हणून तिला फोन लावला. तिने आकडा सांगितला. पेटी उघडली. हळूबाईंनी ती पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात ठेवली आणि मला उजव्या. मग पेन्सिलीच्या टोकाने डावीकडचे कप्पे मोजले. पाच. उजवीकडचे मोजले. चार. पुन्हा मोजले, कारण त्या हळूबाई आहेत.

"हा दवाखाना कुणाचा?"

फोन अजून चालूच होता. धाकटी पलीकडून म्हणाली, "मीच केलाय तो. ताई, तुम्हाला बरं पडावं म्हणून. का हो?"

बाईंनी विचारले, त्यात पत्रे आली होती का. ती म्हणाली, आली की, सहा-सात तरी आली. मी वरून बघितली. मग म्हणाली, "उघडली नाहीत, ताई. तुम्हाला नवीन दिसायला हवीत ना."

बाईंनी आजींकडे पाहिले. आजी बूट मांडीवर घेऊन बसून होत्या. मग बाई एवढेच म्हणाल्या, "चूक तुझी नाही गं. मी त्या दिवशी बोलले असते तर बरं झालं असतं. आई कशी आहे?"

हळूबाईंनी माझ्या खात्यावर उजवी कळ दाबली, कप्प्यांची यादी उघडली आणि पाचव्यासमोर खूण केली. नवा कप्पा झाला तर तोही पाहत जा, असेही मला सांगितले. या सगळ्याला एक मिनिट लागले नाही. मी गेलो, आणि येताना सात पत्रे घेऊन आलो, सातही ठळक अक्षरांत. पहिल्यात लिहिले होते की नव्या क्ष-किरण चित्रानुसार उंची अठरा मिलिमीटर. बत्तीस मुळीच नको, नुकत्याच जुळलेल्या हाडावर भार येईल. पुढची पत्रे मिळाले का म्हणून विचारणारी. आदल्या दिवशीचे शेवटचे बाईंनी मोठ्याने वाचले. 'मागच्या वेळी मी रागाने लिहिले ते तुम्हाला लागले असावे, म्हणून तुम्ही उत्तर देत नसाल. मला क्षमा करा. पण मुलीच्या बुटावर तो राग नको.'

आजींनी पदराने चष्मा पुसला. साचेकाका म्हणाले, "दोघी सारख्याच." मग बूट त्यांच्या हातून घेतला, तळ अंगठ्याने दाबून पाहिला. जास्त आहे ते बरे आहे, कमी असते तर अवघड होते, असे पुटपुटले आणि कातडे कापायची रापी धारेला लावायला निघून गेले. चौदा मिलिमीटर काढायचे, टाच नव्याने बसवायची, तळ चिकटवायचा आणि तो वाळेपर्यंत थांबायचे. वाळण्याला घाई चालत नाही. आजी म्हणाल्या, होईल ना गुरुवारपर्यंत. काका म्हणाले, उद्या संध्याकाळी सांगतो. बाईंनी फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. त्या काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. त्या बोलत बोलत बाहेरच्या पायरीवर गेल्या आणि खूप वेळाने आल्या. डोळे लाल होते आणि चेहरा हलका.

गुरुवारी बारा वाजता आजी बूट घेऊन गेल्या. मी मुलगी पाहिलेली नाही, तिला उभी राहतानाही पाहिले नाही. मला फक्त जे लिहिले जाते तेवढेच कळते. चार वाजता दवाखाना कप्प्यात पत्र आले आणि दहा मिनिटांच्या आत मी ते खिडकीखाली आणले. डॉक्टरीणबाईंनी लिहिले होते: 'पलंगापासून दारापर्यंत गेली, आमचा हात न धरता. तिथून परत यायला तयार नव्हती.' बाईंनी ते पत्र छापले आणि साचेकाकांना दिले. काकांनी ते त्या मुलीच्या साच्याला दोऱ्याने बांधून ठेवले. मापाची पत्रे तशी बांधतात. यात माप नव्हते.

त्यानंतर इथे एक गोष्ट बदलली. दोन दिवस उत्तर नाही आले की बाई माझ्याकडे पाहत नाहीत, फोन उचलतात. यात माझा थोडा अपमान आहे. पण खरे सांगायचे तर मला बरे वाटते.

मित्रांनो, मी नेम एकदाही चुकवला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान त्या बुटाच्या बुचासारखा निघाला, हवा त्यापेक्षा उंच. तेव्हा तुमच्या घरात, शाळेत, कामात माझ्यासारखा कोणी असेल, जो रोज तोच फेरा करून 'सगळे ठीक आहे' सांगतो, तर त्याच्यावर चिडू नका आणि त्याला उपटून फेकूही नका. त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा, तो कुठे कुठे जाऊन आला ते मोजा आणि जी दारे त्याला कोणी दाखवलीच नाहीत ती दाखवा. माणसांनाही हेच लागू असावे, असे मला वाटते. पण तो माझ्या कामाचा भाग नाही. माझी दहा मिनिटे झाली आहेत, मला जाऊन यायचे आहे.