गाठोडं ठेवायचं कुठे?

आमची गोटी म्हणजे घरातली तोफ. पण गेले काही महिने ती गप्प गप्प होत चालली होती. सारखं पोट दुखायचं, तोंडपाठ असलेले आकडे विसरायची, ताटावर बसवलं की तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "घरात शिशाचं काही काम चालतं का?"

घरात नाही, पण गोटीचे बाबा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायच्या कारखान्यात कामाला. कामाचे कपडे अंगावरच घरी यायचे. सासूबाईंची शिस्त अशी की कपडे आधी अंगणात चांगले झटकायचे, मगच भिजवायचे. आख्खी गल्ली त्याच कारखान्यातल्या कामगारांची, सगळे तेच करायचे. आणि पोरं तिथेच खेळायची.

"ती धूळ पोटात जातेय. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता थांबवलंत तर पोर पुष्कळ सावरेल. नाहीतर माझी औषधं कुठवर पुरणार?"

कारखान्यात न्हाणीघर बांधा आणि कपडे तिथेच धुऊन द्या, एवढंच कामगारांनी मागितलं. मालक म्हणे, "धुळीनं कुणी मेलंय का?" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्याआधी सासूबाईच कंबर कसून उठल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी नाकाला फडकी बांधून, मळक्या कपड्यांची गाठोडी घेऊन कारखान्याच्या फाटकात हजर. मालक नुकतेच गाडीतून उतरले होते, दार उघडंच होतं. सासूबाई सरळ तिकडे गेल्या आणि मागच्या सीटवर गाठोडं ठेवायला वाकल्या.

मालक धावतच आले. "अहो आजी, तिथे नको! तिथे माझा मुलगा बसतो!"

"मग आमच्या नातीनं कुठे बसायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, हे ठेवू कुठे?"

आवाज ऐकून कामगारही बाहेर आले होते, आणि आपल्याच तोंडून निघालेलं मालक आता गिळणार कसं? न्हाणीघराचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं. कपडे धुवायची मशीनं आली. गल्लीतली अंगणं आम्ही पाणी ओतून, ओल्या फडक्यांनी पुसून काढली.

याला सहा महिने झाले, आणि परवा गोटीचं रक्त पुन्हा तपासायचं होतं. मागच्या खेपेला तिने मुकाट्याने बोट पुढे केलं होतं, आणि ते मुकाटपण मलाच जास्त टोचलं होतं. यावेळी तिने दवाखाना डोक्यावर घेतला. कंपाउंडरला लाथ मारली, वर कडकडून चावली. मी शरमेने त्याची माफी मागत होते, तेवढ्यात मशीनवर शिशाचा आकडा आला.

"निम्म्याहून खाली!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून तपासत राहू, पण पोर सावरतेय."

"चाव गं माझे राणी, अजून एकदा चाव!" सासूबाई ओरडल्या. कंपाउंडर हात मागे लपवून दारापर्यंत सरकला, आणि मी भर दवाखान्यात हसता हसता रडले.