केयाच्या गळ्यातली वेल्श पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पण अ-आ-इ गिरवायची ती गुणी पाटी मी नव्हे. मी तळहाताएवढं फळकूट आहे. माझ्यावर डब्ल्यू आणि एन अशी दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत आणि वरच्या भोकातून दोरी ओवलेली आहे. त्या दोरीचं काम काय, हे सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

माझा जन्म दीडशे वर्षांपूर्वी वेल्समधल्या एका खेड्यातल्या शाळेत झाला. वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, हे आधी नीट समजून घ्या. तिथली वेल्श भाषा निराळी. ती केल्टिक भाषांपैकी एक. एके काळी केल्टिक लोक आणि त्यांच्या भाषा युरोपात दूरवर पसरलेल्या होत्या. मागे हटत हटत त्या भाषा समुद्राच्या कडेला येऊन टेकल्या, म्हणजे वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग आणि फ्रान्सचं पश्चिम टोक इथे. आज केल्टिक म्हटलं की लोकांना नक्षीच्या अंगठ्या आठवतात. त्या भाषा बोलणाऱ्या पोरांचं शाळेत काय झालं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या शाळेतल्या पोरांना वेल्शशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. मास्तरांनी नियम काढला की जो वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात मी. माझ्यावरची अक्षरं म्हणजे 'वेल्श नॉट', वेल्श नको. मग तो कान टवकारून बसायचा. दुसरा कुणी वेल्श बोलताना सापडला की मला त्याच्या गळ्यात टाकून मोकळा व्हायचा. शाळा सुटताना मी ज्याच्या गळ्यात असेन, त्याला छडी. आयर्लंडात पोरांच्या गळ्यात काठी असायची, आयरिश शब्द तोंडून निघाला की तिच्यावर खाच पाडत. फ्रान्समधल्या ब्रेटन पोरांच्या गळ्यात लाकडी बूट. जिथे जावं तिथे हीच अक्कल. मास्तर माझी स्तुती करायचे, म्हणायचे, या पाटीनं मुलं सुधारली. सुधारली डोंबलाची! मुलं एकमेकांच्या चहाड्या करायला शिकली आणि मोठेपणी त्यातल्या कितीकांनी आपल्या मुलांना वेल्श शिकवलीच नाही.

माझ्यामुळे मार खाल्लेल्या एका मुलीच्या घरात मी पुढे जाऊन पडले. तिची पणती म्हणजे ब्रॉनवेन बाई. त्या दुबईला शिकवायला आल्या तेव्हा मला बरोबर घेऊन आल्या. तिथल्या करामा भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'इंग्लिश मॅडम' म्हणत. बाई दर वेळी थांबून सांगत, "इंग्लिश नाही, वेल्श." समोरच्या फ्लॅटमधल्या शोभनाताईंना हे फार पटायचं, कारण ऑफिसात त्यांनाही अधूनमधून कुणीतरी विचारायचंच, "यू स्पीक इंडियन?" त्यावरून दोघींचं मेतकूट जमलं. गेल्या जूनमध्ये बाई निवृत्त होऊन परत निघाल्या. जाताना त्यांनी मला शोभनाताईंच्या हातात दिलं आणि माझी सगळी हकिगत सांगितली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, शहाण्या माणसाच्या हाती पडले.

कपाळ माझं.

शोभनाताई शनिवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेतात. दहा-बारा पोरं येतात. ताई मराठीत विचारतात आणि पोरं इंग्रजीत उत्तर देतात. "काल काय केलंस रे, अंश?" "नथिंग मच, टीचर." वर्षभर हे ऐकून ताई विटल्या होत्या, तेवढं मी समजू शकते. पण सप्टेंबरातल्या एका शनिवारी त्यांनी मला कपाटातून बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "आजपासून जो इंग्लिश बोलेल त्याच्या गळ्यात ही. तो दुसऱ्याला पकडेल आणि पास करेल. शेवटी ज्याच्याकडे राहील त्याने घरी न्यायची, रोज घालून फोटो ग्रुपवर टाकायचा. बघू या कसं मराठी इम्प्रूव्ह होत नाही ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी गोष्ट ऐकून जिनं डोळे पुसले, त्याच बाईला हे सुचावं? वेल्श मारायची असो की मराठी जगवायची असो, गळा शेवटी पोराचाच ना? मला जीभ असती तर तिथल्या तिथे सुनावलं असतं.

पहिल्याच दिवशी मी केयाच्या गळ्यात राहिले. केया नऊ वर्षांची, शारजातल्या अल नहदाहून येणारी. वर्गात स्वतः हट्ट करून आलेली ती एकटीच. तिचे सदानंद आजोबा चिपळूणला असतात, त्यांना इंग्रजी जेमतेम कळतं, आणि दर शनिवारी चार वाजता ते व्हिडिओ कॉल करतात. त्यांच्याशी बोलता यावं एवढ्यासाठी ती मराठी शिकत होती. शब्द अडला की इंग्रजी शब्द घालून पुढे जायची. तोवर मी अंशच्या गळ्यात होते; त्यानं नेमकं तेच पकडलं. "शी सेड स्विमिंग," असं इंग्रजीतच ओरडला, आणि वर्गाची वेळ संपली म्हणून स्वतः मात्र सुटला.

त्या दिवशी चार वाजता आजोबा फोनवर आले. "काय केलंत आज, केयाबाई?" केयानं तोंड उघडलं, गळ्यातल्या मला हात लावून पाहिला आणि तोंड मिटलं. आजोबांना वाटलं, आवाज येत नाही. त्यांनी फोन हलवून पाहिला. मग म्हणाले, "इंग्लिशमध्ये सांग गं बाळ, मी बघतो समजतंय का." ती उठून आत निघून गेली. पुढच्या दोन शनिवारी ती फोनजवळ फिरकलीच नाही.

शेवटी तिची आई उर्मिला मला परत द्यायला वर्गावर आली. केया खाली गाडीत बाबांजवळ बसून राहिली होती, काही केल्या उतरेना.

"शोभनाताई, ही तुमची पाटी. केया मराठी बोलायची बंद झालीय. माझ्याशीसुद्धा."

"अगं, थोडं प्रेशर द्यावंच लागतं. मुलं ॲडजस्ट होतात. रिझल्ट दिसायला टाइम लागतो."

"ताई, एवढ्यात तुमच्या गळ्यात ही चारदा पडली असती."

ताईंचा चेहरा पडला. दीडशे वर्षांत मास्तरांना असं तोंडावर सांगणारी आई मी पहिल्यांदा पाहिली. पण ताई हार मानणाऱ्यातल्या नाहीत. "मीच समजावते तिला," म्हणत त्या तावातावानं जिना उतरल्या. मी त्यांच्या हातातच होते. गाडीशी जाऊन त्यांनी मागची काच ठोठावली. केयानं वर पाहिलं. तिला मी दिसले. तिनं दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं.

ताई जागच्या जागी थांबल्या. मग मला पाठीमागे लपवत म्हणाल्या, "केया, माझं चुकलं गं." ती काचेआड तशीच बसून राहिली.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, आम्हाला पुसून ठेवा. मी तसलं काही मागत नाही. माझी दोरी कापून टाका. तुमची भाषा, मग ती कुठलीही असो, एखादं मूल अडखळत, मोडकीतोडकी, दुसरीचे शब्द घालून बोलत असेल, तर त्याला बोलू द्या. आजोबा अजूनही दर शनिवारी चार वाजता फोन करतात. केया अजून आलेली नाही. ती येऊन त्यांच्याशी बोलेपर्यंत मला कुणी कौतुकानं हातात घेऊ नका.