अंगठ्याला ड्रायव्हर न्हाई

मी गेमचा डबा बोलतोय. देवणीच्या बसस्टँडसमोर आनंदराजचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथं कालपर्यंत टेबलाखाली पडून होतो. ऐकायचं तर ऐका, न्हाई तर पुढं व्हा. मला गोड बोलता येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. मोटारी पळवायला अन् गोळ्या झाडायला. लातूरच्या एका डॉक्टरच्या घरी सात वर्षं तेच केलं. पोरं हरली की मला चापट्या मारायची. जिंकल्यावर एकानंही पाठ थोपटली नाही. मोठी झाली तसं मला माळ्यावर टाकलं. माळ्यावरून भंगारात, भंगारातून उदगीरच्या दिलशादच्या हाती.

दिलशाद मोबाइल, टीव्ही, पंखे, काय वाट्टेल ते दुरुस्त करतो. त्यानं माझी जुनी अक्कल पुसली अन् लिनक्स नावाची नवी अक्कल भरली. ती फुकट मिळते. खेळायच्या डब्याचा कॉम्प्युटर झाला.

पण अंग जुनंच. आतल्या प्रत्येक भागाशी अन् बाहेरून जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला या अकलेला एक दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या कंपनीनं चित्राच्या भागाला कुलूप घातलेलं, म्हणून एकेकाळी मोटारी उडवणारा मी सातबाराचं एक पान उघडायला धापा टाकायचो. पंखा हळू करायचा ड्रायव्हर नाही, म्हणून तो गिरणीसारखा ओरडायचा. अन् अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर माझ्या जातीच्या डब्यासाठी कुणी बनवलाच नव्हता.

आनंदराजचा कॉम्प्युटर फेब्रुवारीत जळाला. तो मला न्यायला उदगीरला आला तेव्हा दिलशादनं तोंडावर सांगितलं, "भाई, फॉर्म भरा, प्रिंट काढा. अंगठा चालणार न्हाई. नंतर बोंबलू नका."

"असू दे," आनंदराज म्हणाला. "अंगठेवाले कुठं भांडायला येत्यात?"

मार्चात कस्तुराबाई आली. दोन कोसांवरच्या खेड्यातली, एकटी म्हातारी. सरकारच्या निराधार योजनेच्या पगारावर तिची चूल. त्या पगाराला दरवर्षी एकतीस मार्चच्या आत अंगठा लावून हयातीचा दाखला काढावा लागतो. न्हाई काढला तर नाव कटतं.

तिनं मशीनवर अंगठा दाबला. मला ते मशीन दिसतच नव्हतं, तर अंगठा कुठून दिसणार?

"आज्जे, बोट झिजलंय तुझं," आनंदराज म्हणाला. "कुठंबी गेलीस तरी उठायचं न्हाई."

साफ खोटं. पण म्हातारीनं स्वतःच्याच अंगठ्याकडं चोरासारखं बघितलं. "खुरपून झिजलं असंल," म्हणाली. चार दिवस कामाला गेली नाही. रात्रंदिवस अंगठ्याला खोबरेल चोळलं. परत आली.

"आता बघ लेकरा, रेघा वर आल्यात."

आनंदराजनं बघितल्यासारखं केलं. "अजून चोळ."

एकतीस तारखेला सकाळीच ती दारात. एक गुरुजी प्रिंट काढायला आले होते. त्यांनी पडद्यावर वाचलं अन् बोलून गेले, "अरे आनंदराज, यात ड्रायव्हरच नाही की."

म्हातारीचा चेहरा उजळला. "ड्रायव्हर न्हाई म्हणून अडलंय व्हय? आधी सांगायचं की बाबा. माझ्या बहिणीचा मलप्पा ड्रायव्हर हाय. उदगीर लाईनला काळीपिवळी चालवतो. पंधरा वर्षांत एक कुत्रं मारलं न्हाई त्यानं."

आनंदराजनं गुरुजींना डोळा मारला. "लायसन हाय का?"

"हाय की."

"मग आण. बिगरलायसनचा चालत न्हाई."

गुरुजींनी तोंडावर रुमाल धरला. त्यांना तर सगळं माहीत होतं. प्रिंट घेऊन गेले.

चार वाजता म्हातारी मलप्पाला घेऊन आली. रांगेतला नंबर सोडून, भरलेली गाडी रिकामी करून तो आला होता. हातात लायसन. तोवर आनंदराजनं गोष्ट सगळ्या स्टँडला सांगितलेली. दुकान गच्च भरलेलं.

"या ड्रायव्हरसाहेब. बसा डब्यावर," आनंदराज म्हणाला.

"गिअर सापडंना गेलाय, बघा जरा," गर्दीतून एकजण ओरडला.

मलप्पाला कळालं. त्याचे कान लाल झाले. पण आनंदराजला एक शब्द बोलला नाही, कारण त्याच्या गाडीचे कागद तिथंच व्हायचे. लायसन खिशात घातलं अन् म्हातारीवर वळला. "मावशे, चार माणसांत माझी इज्जत घालवलीस. आता जा पायी." गेला निघून.

म्हातारी उभीच. मग पुढं आली. माझ्या काळ्या चकचकीत कपाळावर चालू-बंदची जागा आहे, नुसतं बोट टेकवायचं. तिथं तिनं तेलकट अंगठा टेकवला.

"मी हाय का न्हाई, तूच सांग," म्हणाली.

त्या जागेला ड्रायव्हर लागत नाही, ती जन्मापासूनची. मी तिला पहिल्या स्पर्शात ओळखलं. टुंग वाजलं, दिवा गेला, पंखा थांबला. तेवढंच येत होतं मला, तेवढं सांगितलं. त्याचा दाखला निघत नाही.

"मोडलंस बघ, म्हातारे. हो भाईर," आनंदराज म्हणाला.

तीन एप्रिलला नवा कॉम्प्युटर आला. अंगठ्याचं मशीन त्याच्यावर बरोबर चाललं. आनंदराजनं आधी स्वतःचा अंगठा लावून बघितला, खुश झाला. मला टेबलाखाली सारलं.

मे महिन्यात म्हातारी विचारायला आली. "नाव कटलंय," तो म्हणाला. "तू जिती हायस ते मला दिसायलंय. यादीला दिसंना गेलंय, त्याला मी काय करू?"

आता ती स्टँडवर हात पसरून बसते. मलप्पाची काळीपिवळी तिच्या समोरूनच भरते. तो तिकडं बघत नाही.

माझ्या कपाळावर तिच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. तेलावर धूळ बसली अन् एक-एक रेघ उठून आली. झिजलेलं बोट म्हणे. कुणी वाकून बघितलं असतं तर रेघा मोजता आल्या असत्या. कोण वाकतंय?

काल आनंदराजनं विकायला म्हणून मला बाहेर ओढलं अन् ओल्या फडक्यानं पुसलं. "लई घाण बसली होती," म्हणाला.

आता चकाकून राहिलोय. कुणाला न्यायचं तर न्या, पण खेळायलाच न्या. म्हातारी जिती आहे याचा एवढा एकच कागद होता, अन् तो माझ्या कपाळावर होता.