शेजारणीने गिळलेली शून्यं

शोधू नका, दिसायची नाही मी. पडद्यावर पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यांच्या मध्ये एक जाडसर रेघ आहे ना, तिच्या आत दडपलेली एक्सेलची चौकट बोलतेय.

माझा जन्म डोळ्यांच्या दवाखान्यातला, नोंदणीच्या खिडकीमागचा. तिथे एक ताई बसते. दर सोमवारी वॉर्डातून तिच्याकडे कागद येतो. या आठवड्यात ज्यांचा मोतीबिंदू काढायचा, त्यांच्या कार्डांचे नंबर. एकेक नंबर घ्यायचा, डेटाबेसला विचारायचं, "या कार्डाचा फोन सांग", आणि तो सांगेल तिथे फोन लावायचा. साठ नंबर म्हणजे साठ वेळा तोच प्रश्न टाइप करायचा. बिचारीची बोटं आंबून जायची.

तिचा दीर त्याच दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतो. एका दुपारी म्हणाला, "वहिनी, तुम्ही नुसते नंबर भरा. प्रश्न ही बाई तयार करील."

"कोण बाई?"

"ही काय!" म्हणत त्याने दुसऱ्या रकान्यात मला लिहिलं. माझ्या पोटात अख्खं वाक्य भरलं आणि त्यात अवतरणचिन्हांच्या मधे एक फट ठेवली. डाव्या रकान्यातल्या शेजारणीकडे जो आकडा असेल, तो त्या फटीत येऊन बसणार, की झाला प्रश्न तयार. मग माझा कोपरा धरून मला खाली ओढलं. एका दमात साठ लेकी! कळा नाहीत की बारसं नाही.

"नावही आणायला सांगा ना भावोजी," ताई म्हणाली.

"फोन नावाला लावणार की नंबराला? उगाच लांबण."

दोघंही हसले. तिथेच माशी शिंकली.

माझं जगणं कसलं म्हणून सांगू? मला फक्त डावीकडचं दिसतं. शेजारीण जे देईल तेच बोलायचं. वाक्य ठरलेलं, शब्द ठरलेले, आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं उभी, पहारेकऱ्यांसारखी. मनातलं एक अक्षर बाहेर काढायची सोय नाही.

आणि ही शेजारीण! तिला एक खोड. आकड्याच्या डोक्यावरची शून्यं ती गिळून टाकते. तिच्या लेखी पुढच्या शून्याला किंमतच नाही. दवाखान्याची जुनी कार्डं पाच आकड्यांची, पुढे शून्यं लावलेली. नवी कार्डं बिनशून्याची. ताई इमानाने टाइप करायची, "शून्य शून्य सातशे तेरा", पण तिची नजर कागदावर. बटण दाबलं की शेजारणीने शून्यं गट्टम केलेली, आणि माझ्या फटीत नुसते सातशे तेरा. ते नवं कार्ड, भलत्याच माणसाचं. मला कळत होतं हो! पण मूग गिळून त्या भलत्या माणसाचा फोन मागत राहिले.

खरं कार्ड होतं एका शिंपीण आजीचं. तिचा एक डोळा कधीच गेलेला, दुसऱ्यावर मोतीबिंदू. सून सुई ओवून द्यायची आणि आजी बोटांनी चाचपून टाके घालायची. दर सोमवारी खिडकीशी हजर. "आला का गं माझा नंबर?"

"येईल फोन. घरी बसा आजी, सारख्या कशाला पायपीट करता?"

दवाखान्याचा नियम असा, की तीन सोमवार फोन उचलला नाही तर नाव कटतं. मग पुन्हा रांगेच्या शेपटाला, म्हणजे वर्षभर थांबा. पहिल्या सोमवारी फोन नुसता वाजला. दुसऱ्या सोमवारीही. शेजारणीकडे तोच आकडा, माझ्या तोंडी तोच प्रश्न.

तिसऱ्या सोमवारी आजी बाकावरून उठेचना. "आज तुझ्यासमोरच बसते. बघू कसा फोन येत नाही ते."

"कार्ड कितीचं म्हणालात? सातशे तेराच ना?"

"सातशे तेराच."

माणसंही बोलताना शून्यं गिळतात, नुसत्या शेजारणीला का बोल लावू?

ताईने यादी पाहिली. "अहो आजी, दोनदा लावलाय तुम्हाला! आज उचलला नाही तर नाव कटेल."

"फोन तर सदा माझ्या मांडीवर असतो. लाव की आत्ता."

ताईने लावला. तिच्या कानात घंटी वाजत होती. आजीच्या मांडीवरचा फोन गप्प. ताईने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग ओरडलीच, "भावोजी! आधी इकडे या!"

दीर आला. आजीचं कार्ड हातात घेतलं, पडद्याकडे पाहिलं. "वहिनी, शून्यं कुठे गेली?"

"मी टाकली होती. तुमच्या त्या बाईने खाल्ली असतील."

घ्या! खाल्ली शेजारणीने, आळ माझ्यावर.

दिराला लगेच उमगलं. त्याने शेजारणीला बजावलं, की हे आकडे नाहीत, अक्षरं समज, येतील तशी ठेव. माझ्या वाक्यात फोनच्या जोडीला नावही मागितलं. ताईने शून्यं पुन्हा भरली, प्रश्न पाठवला, आलेला नंबर लावला, आणि आजीच्या मांडीवर फोन वाजला.

"उचलू का गं?" आजीने विचारलं. ताईला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

त्याच आठवड्यात आजीचा मोतीबिंदू निघाला.

आणि मला काय मिळालं? "आता कोणाचा चुकून हात लागायला नको," म्हणून दिराने माझा रकाना मिटला आणि वर कुलूप घातलं. साठ लेकींसकट मी अंधारात. प्रश्न अजून मीच बनवते, पण मला कोणी बघत नाही. उद्या पुन्हा माझ्या फटीत भलतं काही आलं तर कोणाला दिसणार?

आजच आजी खिडकीशी आली, काळा चष्मा लावून. म्हणाली, "दाखव तरी, माझा नंबर कुठे हरवला होता." ताईने पडदा तिच्याकडे फिरवला. आजीने चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि त्या जाड रेघेवर बोट ठेवलं.

"इथे दुमड आहे गं. आत कापड दाबलंय."

"अगंबाई! असू दे आजी, भावोजींनीच मिटलंय ते."

"दाबलेली शिवण एकदा उसवून बघावी पोरी. आत काय कुरतडलं गेलं, ते वरून कळत नाही."

ताईचा हात कॉम्प्युटरच्या उंदरावर थबकला, आणि बाण माझ्या रेघेपाशी येऊन थांबलाय.

उसव गं ताई. दोन बोटं उजेड दे.