अंगरख्याची चर्रर्र

बाळ झाल्यावर बाईचं काय काय बदलतं यावर लोक तासन्‌तास बोलतील, पण कपाटाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कपडे ढीगभर आणि घालायला एक नाही, अशी गत होते हो! या गोष्टीतल्या बाईची तशीच झाली होती. ती एका वाचनालयात काउंटरवर कामाला होती. घरात सासूबाई तिला सूनबाई म्हणायच्या, तेव्हा आपणही तेच म्हणू.

तर बाळाला पाजताना काय घालावं, यासाठी सूनबाईने सगळं करून पाहिलं. टी-शर्ट वर करावा तर पोट-पाठ उघडी पडायची आणि पंख्याखाली हुडहुडी भरायची. पुढून बटणांचा शर्ट घालावा तर एका हातात बाळ आणि दुसऱ्या हाताने त्या इवल्याशा बटणांशी झटापट, तोवर बाळाने घर डोक्यावर घेतलेलं. चेनचा टॉप आणला, तर ती गार चेन गालाला लागली की बाळ दचकून तोंड सोडायचं. वरून घ्यायचं एक खास पांघरूणही आणलं होतं, चांगलं महागाचं. बाळाने ते पायाने भिरकावून दिलं आणि वर आईकडे बघून हसलं! घरात त्याला पैलवान म्हणत ते काही उगाच नाही.

आणि पैलवानाला बाटली दाखवायची सोय नव्हती. बाटली दिसली की तो असं तोंड फिरवायचा, जणू समोर कुणी एरंडेल धरलंय.

इकडे रजा संपत आलेली. वाचनालयाच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य ग्रंथपाल, फार कडक. त्यांच्या नजरेने पुस्तकांवरची धूळसुद्धा उठून जायची म्हणे. सूनबाईने धीर करून विचारलं, "बाळाला बरोबर आणू का?"

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आठवडाभर बघू. काउंटर सोडायचा नाही, तिथंच मागे खुर्ची टाकून पाज. पण वाचनकक्षात आवाज झालेला मला चालणार नाही. झाला, तर मग तुझं तू बघ."

तुझं तू बघ, म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. बाळ सोडून यायचं तर ते उपाशी, बाळ घेऊन यायचं तर नोकरीवर टांगती तलवार. आणि सूनबाईला ती नोकरी मनापासून आवडायची. पगार होताच, पण पुस्तक मागणाऱ्या माणसाला त्याने न मागितलेलं दुसरंच पुस्तक हळूच सरकवण्यात तिला जो आनंद होई, तो तिला सोडायचा नव्हता.

कामावर जायच्या आदल्या दुपारी ती पलंगावर कपड्यांच्या ढिगात बसून रडत होती. सासूबाई दारातून बघत होत्या.

सासूबाई म्हणजे एका नाटक कंपनीच्या कपडेपटाच्या मालकीणच म्हणा ना. उभा जन्म त्यांनी तिथे कपडे शिवले. रंगमंचावर दिवे जायचे, आणि ते परत येईपर्यंत सासूबाई अंधारात राणीची भिकारीण करून द्यायच्या. एक ओढ दिली की राणीचा शालू गळून पडायचा आणि आतून चिंध्या बाहेर यायच्या. प्रेक्षक तोंडात बोट घालायचे. पण कंपनी बंद पडली, तशी त्यांनी शिलाई मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. खिडकीशी बसायच्या, कशातच लक्ष नाही. विचारलं तर, "मला काय धाड भरलीय?" असं खेकसायच्या.

त्या दुपारी मात्र त्यांनी मशीनवरची चादर सर्रकन ओढली. "रडतेस काय, ऊठ. माप दे."

संध्याकाळपर्यंत अंगरखा तयार! दिसायला साधा, ढगळ, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा. पुढे दोन पाखे एकावर एक, शिवणीच्या आत लपवलेली वेल्क्रोची पट्टी. एका हाताने ओढलं की बाळाच्या तोंडापुरतं उघडायचं, पोट झाकलेलं, पाठ झाकलेली. मागच्या वेळी कोणती बाजू झाली ते विसरू नये म्हणून खांद्यावर एक फीतसुद्धा, इकडची तिकडे बांधायची. सूनबाईने ओढलं, पैलवान झेपावला, मामला फत्ते. बटणं नाहीत, चेन नाही, रडारड नाही.

"आई, तुम्ही म्हणजे ना!" सूनबाईने त्यांना मिठीच मारली.

"पुरे पुरे," सासूबाई म्हणाल्या, पण गालातलं हसू लपवता येईना. लगेच दुसरा अंगरखा बेतायला घेतला.

आता एक गोष्ट दोघींच्याही ध्यानात आली नाही, आणि ती येणार तरी कशी? नाटकात असा पोशाख बदलताना अंधारात ढोल बडवायचे. प्रत्येक वेळी. सासूबाईंच्या हातची वेल्क्रो आयुष्यभर ढोलाच्या आवाजाखालीच उघडली होती, आणि त्या ढोलाशेजारी बसून बसून त्यांचे कानही मंदावले होते. घरात म्हणाल तर मशीनची घरघर, टीव्ही मोठ्याने लावलेला, स्वयंपाकघरात मिक्सर. त्या गदारोळात कोण काय ऐकणार!

पहिल्या दिवशी वाचनकक्षात सगळे माना खाली घालून वाचत होते. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पैलवान चुळबुळला. सूनबाई काउंटरमागच्या खुर्चीत बसली, पाठ फिरवली, पाखा धरला आणि ओढला.

चर्रर्र!

बाप रे! कुणी तंबूच फाडला जणू. सगळ्यांच्या माना वर. कोपऱ्यात रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा होते, ते दचकून स्वतःचीच विजार चाचपू लागले.

"काय फाटलं हो?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं.

मोठ्या बाईंनी आपल्या टेबलावरून मान वर केली. नुसतं बघितलं. सूनबाईची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या वेळी तिने हुशारी केली, अगदी हळू उघडू म्हटलं. हळू उघडलं तर काय, तोच आवाज, पण लांबलचक. चर्र... र्र... र्र... र्र. संपता संपेना. अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीने तोंडावर पुस्तक धरलं आणि तिचे खांदे गदागदा हलायला लागले.

तिसऱ्या वेळी देव पावला. पाखा धरून सूनबाई अवघडून बसली होती, तेवढ्यात पेपरवाल्या आजोबांना ठसका लागला. तिने त्या ठसक्यातच ओढलं. कुणालाही कळलं नाही! मग दिवसभर ती आवाजांवर टपून राहिली. कुणी खुर्ची सरकवली की ओढ, झेरॉक्सचं यंत्र खडखडलं की ओढ. पण पैलवानाची भूक काय झेरॉक्सला विचारून लागते?

संध्याकाळी घरी पोचते न पोचते तोच सासूबाई दारात. "मग? कसा चालला माझा अंगरखा?"

आता सांगावं की नाही? पण मागे मशीन उघडं होतं, त्यावर तिसरा अंगरखा अर्धा शिवलेला, आणि कधी नव्हे त्या सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या. कुठल्या तोंडाने सांगणार?

"एकदम झकास, आई," ती म्हणाली. आणि बसली अडकून.

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. पैलवान कुरकुरला, सूनबाईने पाखा धरला आणि हताशपणे कक्षाकडे पाहिलं. पेपरवाले आजोबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी तिचा हात पाहिला, बाळ पाहिलं, डोळे मिचकावले आणि असे खोकले, असे खोकले, की भिंतीवरचं घड्याळ थांबायचं बाकी राहिलं. चर्रर्र त्यात कुठल्या कुठे बुडून गेली.

पुढच्या खेपेला त्या अभ्यासाच्या मुलीने पाण्याची बाटली पाडली. त्यानंतर कुणीतरी शिंकलं. पाहता पाहता सगळा कक्ष सामील झाला. कुणी कुणाशी एक अक्षर बोललं नाही, बोलायची परवानगीच कुठे होती! नुसती नजरानजर व्हायची, आणि सूनबाईचा हात पाख्याकडे गेला की कुठेतरी काहीतरी आदळायचं.

"या आठवड्यात वाचकांच्या तब्येती फार बिघडल्यात," मोठ्या बाई एकदा कोरडेपणाने म्हणाल्या. सूनबाईने खाली बघून एका पुस्तकावर दोनदा शिक्का मारला.

असं करत करत शेवटचा दिवस उजाडला. आणि त्याच दिवशी वाचनालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष येऊन थडकले. त्यांच्या कानावर बाळाची गोष्ट गेली होती.

"हे वाचनालय आहे, पाळणाघर नाही," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "मी स्वतः इथे बसतो. आवाज ऐकला, तर प्रश्न मिटला."

ते नेमके पेपरवाल्या आजोबांच्या शेजारी बसले. आजोबांनी नुसता घसा खाकरला, तर अध्यक्षांनी वळून पाहिलं. "खोकला असेल तर बाहेर जाऊन या." आजोबा मुके झाले. बाकीच्यांनी तर श्वाससुद्धा बेताने घ्यायला सुरुवात केली.

त्यात भर म्हणून सासूबाईही आलेल्या. "माझं काम कसं चालतंय ते डोळ्यांनी बघते," असं सकाळीच जाहीर करून त्या मागच्या रांगेत ऐटीत बसल्या होत्या.

आणि पैलवानाचा खालचा ओठ बाहेर आला.

ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना हा ओठ ठाऊक आहे. आता दोन-चार श्वास, मग भोंगा. सूनबाईने त्याला उचललं, खुर्चीत बसली, पाखा धरला. आजोबांकडे पाहिलं, त्यांनी लाचारपणे नजर खाली वळवली. त्या मुलीकडे पाहिलं, तिची बाटली अध्यक्षांनी टेबलाखाली ठेवायला लावली होती. ओढलं तर आवाज, नाही ओढलं तर त्याहून मोठा आवाज. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं, बाळ उपाशी राहायला नको. रडू दाबून तिने बोटं आवळली.

धाडकन!

कक्ष हादरला. शिडीवर उभ्या असलेल्या मोठ्या बाईंच्या हातून शब्दकोशाचा सगळ्यात जाडा खंड खाली फरशीवर पडला होता. सगळ्यांच्या माना तिकडे. अध्यक्ष तर ताडकन उठून उभे राहिले.

"हात सुटला माझा," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. इतकी वर्षं त्या बाईंच्या हातून साधं पेन पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सावकाश शिडी उतरून त्यांनी खंड उचलला, त्याची धूळ सगळ्यांसमोर झटकली, आणि अध्यक्षांकडे चष्म्यावरून पाहिलं. "आवाज झाला तो माझा. बाळाचा काही ऐकलात?"

अध्यक्षांनी कान दिला. काउंटरमागून फक्त गटक गटक असा बारीक, समाधानी आवाज येत होता, तोही ऐकू आला तर आला.

"नाही," ते म्हणाले.

"मग बाळाचं नक्की समजू?"

अध्यक्षांनी आजोबांकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं. सगळा कक्ष त्यांच्याकडेच बघत होता. "समजा," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घालून बसले. आजोबांनी तेवढ्यात राहून गेलेलं सगळं खोकून घेतलं.

सूनबाईचा जीव भांड्यात पडला. पैलवानाच्या टाळूवर ओठ टेकून तिने मनसोक्त रडून घेतलं, अर्थात आवाज न करता.

संध्याकाळी दोघी पायऱ्या उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर सासूबाई थांबल्या.

"अंगरखा वाजतो ना गं?"

सूनबाई चपापली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"मला कसलं ऐकू येतंय! पण तुझा हात पाहिला मी. पाखा धरून थांबली होतीस, ढोलाची वाट बघत. विंगेत जन्म काढलाय मी, ते थांबणं मला कळत नाही होय?" त्यांनी पाख्याची कड बोटांनी चाचपली. "आठवडाभर ओढाताण सोसलीस आणि मला बोलली नाहीस."

"तुम्ही इतक्या दिवसांनी मशीनवर बसला होतात ना, आई. गुणगुणत होतात."

सासूबाईंनी नाक ओढलं, पैलवानाला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं आणि त्याचं तोंड पुसायच्या निमित्ताने आपलेही डोळे पुसले. "वेडी आहेस. आज घरी गेल्या गेल्या वेल्क्रो उसवते आणि नाड्या लावते. मुक्या नाड्या." चार पावलं चालल्या, आणि परत वळून वाचनालयाच्या दाराकडे बघत राहिल्या.

"पण काय बाई आहे गं तुमची!" त्या म्हणाल्या. "इतका अचूक ढोल आमच्या कंपनीत कधी कुणी वाजवला नाही."